दशमीचे आकाश

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला सहलीची निवड फारशी नसते. ज्या गावी बदली होईल त्या गावी पाहण्यासारखे जे काही असेल, ते येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना दाखवीत राहणे हेच त्याचे देशाटन. आग्र्याला असलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी ताजमहाल पन्नास वेळा तरी पाहिला असेल. पण त्यांतल्या पंचेचाळीस वेळा ते बाहेर पाहुण्यांच्या चपला सांभाळीत उभे होते. आम्ही जबलपूरकर. आमच्या वाट्याला भेडाघाट आला. धुवांधारचा धबधबा, संगमरवरी कडे, चौसष्ट योगिनींचे देऊळ आणि त्या कड्यांमधून नाव हाकताना नावाड्याने यमके जुळवीत केलेले वर्णन हे सारे आम्हांला इतके पाठ झाले आहे की, एखादा नवशिका नावाडी मध्येच अडला तर त्याची पुढची ओळ आम्ही सांगू शकू. त्यामुळे सहलीला जायचे असे कोणी म्हटले की, आमच्या घरातली माणसे उत्साहाने उठण्याऐवजी अंमळ सावधच होतात.

आम्ही राहतो दीक्षितपुऱ्यात. त्रिपुरी काँग्रेसच्या म्हणजे १९३९ सालच्या स्मरणार्थ उभारलेल्या कमानिया दरवाजाच्या आसपासचे जुने जबलपूर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दीक्षितपुरा म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी, आणि समोरासमोरचे सज्जे इतके जवळ की विरजण मागायला जिना उतरावा लागत नाही. अशा वस्तीत माणसांचा सहवास भरपूर मिळतो. मिळत नाही ते आकाश. कापडाच्या दुकानात थानातून वारभर कापड फाडून द्यावे, तेवढीच आकाशाची एक पट्टी प्रत्येक गल्लीच्या वाट्याला येते. तिच्यातून विमान गेले तर आधी त्याचा आवाज ऐकू येतो. घरातली पोरे अंगणात धावेपर्यंत ते समोरच्यांच्या गच्चीआड गेलेले असते. आमच्या पिढ्यांनी विमान पाहिले ते असे, शेपटाकडून.

म्हणून २०२३ च्या सप्टेंबरात, वायुसेनेचा वर्धापनदिन यंदा प्रयागला संगमावर साजरा होणार आणि तिथे विमानांच्या कसरती होणार, ही वार्ता आली तेव्हा घरात मोठीच खळबळ उडाली. आमचे धाकटे बंधू केंद्र सरकारच्या एका कचेरीत बदलीवर तिथे आहेत. त्यांनी दूरध्वनीवरून निमंत्रण दिले आणि सरकारी माणसाच्या सवयीप्रमाणे तारीख, वार, वेळ तीनदा वाचून दाखवली: रविवार, ८ ऑक्टोबर. आईने हे ऐकले आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी जाऊन चष्मा सावरीत म्हणाली, “म्हणजे भाद्रपद वद्य दशमी. दादांची तिथी.”

दादा म्हणजे आमचे वडील. पितृपक्षातली त्यांची तिथी आणि विमानांचा दिवस एकच आला होता. घरात दोन पक्ष पडले. श्राद्धाच्या दिवशी तमाशा पाहायला जाणे बरे नव्हे, असे एका पक्षाचे म्हणणे. आणि प्रयागइतके श्राद्धाला योग्य ठिकाण पृथ्वीवर नाही, तेव्हा विमाने ही केवळ आनुषंगिक बाब समजावी, असे दुसऱ्याचे. हा दुसरा युक्तिवाद आमच्या सहा वर्षांच्या नातवाच्या वतीने त्याच्या आईने, म्हणजे आमच्या कन्येने, केला होता. निकाल पंच्याऐंशी वर्षांच्या आईने दिला. “पहाटे नदी, दुपारी आकाश. दोन्ही होईल,” ती म्हणाली, आणि दशम्यांसाठी किती दूध लागेल याचा हिशेब करू लागली. तिथी दशमीची आणि डब्यातही दशम्या, हा विनोद आमच्या सौभाग्यवतींनी केला. फक्त चटणीतून लसूण रजेवर गेला.

जबलपूरहून प्रयाग साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक. १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग जबलपुरास या बाजूच्या मार्गाला मिळाला, आणि मुंबई–कलकत्ता हा सलग प्रवास घडू लागला. आमच्या गावाला भूगोलाच्या पुस्तकात जागा मिळाली ती या सांध्यामुळे. कटनी, सतना, माणिकपूर करीत गाडी निघाली. डब्यात एक वयोवृद्ध मराठी गृहस्थ भेटले. विमानांचा विषय निघताच त्यांनी शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा रंगवून सांगितली. ही कथा ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा, आणि तिच्या उड्डाणाला भरवशाचा समकालीन पुरावा नाही हेही तितकेच खरे. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातल्या रचना उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ सालीच दिला आहे. पण चालत्या गाडीत, दुसऱ्याच्या डब्यातली दशमी खात असलेल्या माणसाशी वाद घालणे शिष्टसंमत नाही. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, आपण ज्या गावी चाललो आहोत तिथली कथा मात्र पुराव्यानिशी उभी आहे.

ती कथा अशी. १८ फेब्रुवारी १९११ रोजी, प्रयागला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने, आंरी पेके या तेवीस वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रांची थैली आपल्या विमानात घेतली आणि यमुना ओलांडून ती नैनीला नेऊन पोचवली. अंतर सहा मैलांच्या आसपास, वेळ तेरा मिनिटे. सरकारी रीतीने विमानातून टपाल गेले ते जगात प्रथम इथे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य टपालाची वाट पाहण्यात गेलेले आहे. बदलीचा हुकूम, आईचे पत्र, मुलाच्या परीक्षेचा निकाल. त्या सर्वांनी यमुनेवरच्या त्या तेरा मिनिटांना एकदा मनोमन नमस्कार करावा असे आम्हांला वाटते. विमानाने माणसाचे पहिले सार्वजनिक काम केले ते पत्रे पोचवण्याचे. बाकीची कामे त्याला पुढे शिकवण्यात आली.

रविवारी पहाटे आम्ही अरैलच्या बाजूला यमुनेच्या काठी उतरलो. पावसाळा नुकताच सरला होता. पलीकडे अकबराच्या किल्ल्याची भिंत धूसर दिसत होती. पाणी गार होते आणि आई काठावर एका सतरंजीवर बसून आम्हा दोघा भावांच्या हातांकडे बारकाईने पाहत होती. दर्भ कुठल्या बोटात असावा याबद्दल तिचा आमच्यावर आजही विश्वास नाही. तर्पणात आपल्या माणसांची नावे संपली की एक ओंजळ अशांसाठी सोडतात की, ज्यांच्या मागे पाणी द्यायला कोणी उरले नाही. ती ओंजळ आम्ही आजवर अनेकदा सोडली आहे, बहुधा घाईने. कारण ती शेवटची असते आणि तोवर पाय गारठलेले असतात.

दादांविषयी इथे थोडे सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जबलपूरजवळ खमरियाला दारूगोळ्याचा मोठा कारखाना उभा राहिला. १९०४ पासूनचा तोफगाड्यांचा कारखाना गावात होताच. या कारखान्यांनी जबलपूरच्या मराठी घरांना जितकी वर्षे पोसले, तितकी कुठल्या संस्थानाने पोसली नसतील. दादा १९५८ साली खमरियात लागले आणि चार्जमन म्हणून १९९१ साली निवृत्त झाले. तेहतीस वर्षे दीक्षितपुऱ्याच्या गल्लीतून त्यांची सायकल पहाटे बाहेर पडत असे. ते तिथे काय करतात हे आम्हा भावंडांना कधी कळले नाही. कारखान्यातली गोष्ट उंबऱ्याच्या आत आणायची नाही, असा तिथला नियम आणि त्याहून अधिक त्यांचा स्वभाव. आम्हांला ठाऊक होते ते एवढेच की, जिथे दारू भरली जाते तिथे आत जाताना झडती होते, काड्यापेटी चालत नाही, खिळ्यांचे बूट चालत नाहीत, अंगावर सुती कपडे लागतात. त्यामुळे दादांनी आयुष्यात खिशात काड्यापेटी ठेवली नाही. निवृत्तीनंतरही बाहेर पडताना ते दाराशी थांबत आणि दोन्ही खिसे चाचपून पाहत. घरातला दिवा लावायचा तो आईनेच. १९७१ च्या हिवाळ्यात आम्ही नऊ वर्षांचे होतो. त्या महिन्यात दादा दिवसाउजेडी घरी आल्याचे आम्हांला स्मरत नाही. युद्ध संपले, गल्लीत पेढे वाटले गेले. दादा मात्र पेढा हातात घेऊन बराच वेळ तसेच बसून राहिले होते. आपण भरलेली वस्तू कुठे जाते, कुणाच्या विमानातून, कुणाच्या छपरावर, याविषयी ते आमच्याजवळ कधी एक अक्षर बोलले नाहीत. विमान जवळून पाहण्याचा योग त्यांना उभ्या जन्मात आला नाही.

पिंड ठेवले तेव्हा काठावर कावळे पुष्कळ होते आणि कार्य सुरळीत पार पडले. आम्ही बंधूंच्या बिऱ्हाडी परतलो, जेवलो, आणि सकाळी बमरौलीला झालेल्या संचलनाची दृश्ये दूरदर्शनवर पाहिली. संचलनाचे नेतृत्व ग्रुप कॅप्टन शालिजा धामी या करीत होत्या. वायुसेना दिनाच्या संचलनाच्या अग्रभागी स्त्री अधिकारी असण्याचा तो पहिला प्रसंग. आईने त्यांचे पाऊल पडते कसे ते मान डोलवीत पाहिले. वायुसेनेचे प्रमुख त्या वेळी एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी, म्हणजे नांदेड जिल्ह्यातले. हे बंधूंनी घरातल्या सर्वांना, स्वयंपाकघरात जाऊनसुद्धा, सांगितले. बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसाचा हा दोष म्हणा की गुण, तो सर्वत्र आहे. त्या दिवशी वायुसेनेचा नवा ध्वज फडकला. त्याच्या कोपऱ्यात वायुसेनेचे मानचिन्ह आहे आणि चिन्हाखाली देवनागरीत तिचे ब्रीद. ते ब्रीद गीतेच्या अकराव्या अध्यायातून घेतलेले आहे, एवढे बंधूंना माहीत होते. आई त्यावर काही बोलली नाही. अकरावा अध्याय तिला मुखोद्गत आहे.

बंधूंना कचेरीतून दोन पास मिळाले होते आणि माणसे आम्ही आठ. सरकारी गणितात असे प्रसंग नेहमीच येतात. पास शेजाऱ्यांना देऊन आम्ही पुन्हा अरैलच्या काठी, जिथे पास लागत नाही अशा जागी सतरंजी पसरली. एव्हाना काठावर माणसांची रीघ लागली होती. ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांतून खेडीच्या खेडी उतरत होती. झाडावर मुले, मोटारींच्या टपांवर तरुण, आणि जिथे सावली असेल तिथे म्हातारी माणसे. भाजलेल्या शेंगा विकणाऱ्यांची चंगळ होती. वेळेवर सुरू होणार का, अशी शंका एकाने काढली. त्यावर दुसऱ्याने, ही रेल्वे नव्हे, असे उत्तर दिले.

आणि खरोखरच दुपारी आकाश फाटले. प्रथम मोठ्या पंखांच्या विमानातून छत्रीधारी उतरले. १९८७ साली स्थापन झालेल्या ‘आकाशगंगा’ पथकाचे ते जवान. मागून हेलिकॉप्टरे आली. ‘सारंग’ पथकाची, मोरासारखी रंगवलेली हेलिकॉप्टरे एकमेकांसमोर येऊन अशी बाजूला होत की, लग्नात अंतरपाटापाशी माणसे सरकतात त्याची आठवण व्हावी. मग लढाऊ विमाने. जग्वार, मिराज, तेजस, सुखोई, राफेल. आमच्या बंधूंचा अकरा वर्षांचा मुलगा नावे आधी सांगे आणि विमान नंतर दिसे. आम्हा मोठ्यांची फजिती निराळीच होती. आम्ही आवाज येईल तिथे पाहत होतो आणि तिथे काहीच नसे. शेवटी त्या मुलानेच आम्हांला समजावले. आवाज सेकंदाला तीनशेचाळीस मीटर जातो. विमान किलोमीटरभर दूर असेल तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी नऊशे किलोमीटरांनी चाललेले विमान पाऊण किलोमीटर पुढे निघून गेलेले असते. “काका, आवाज येतो तिथे पाहू नका. त्याच्या पुढे पाहा.” दीक्षितपुऱ्यात जन्मभर शेपटाकडून विमाने पाहिलेल्या आम्हांला साठीनंतर हा मंत्र मिळाला.

मिग-२१ आले तेव्हा आम्ही बंधूंकडे पाहिले आणि त्यांनी आमच्याकडे. या जातीची विमाने १९६३ पासून वायुसेनेत होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगढला त्यांना निरोप देण्यात आला. त्यांतली सहाशेहून अधिक आपल्याच देशात बांधली गेली, आणि त्यांच्यासाठी १९६४ साली नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. आमच्या आत्याचे यजमान ओझरला नोकरीस होते. आत्या दिवाळीला जबलपूरला येई तेव्हा दोघे मेहुणे ओसरीवर बसून द्राक्षांचे भाव, नर्मदेचे पाणी आणि महागाईभत्ता यांवर तासन्‌तास बोलत. एक जण विमान बांधीत होता, दुसरा त्या विमानाला वाहून न्यायचे ते भरीत होता, आणि दोघांनीही ओसरीवर त्याचा कधी उच्चार केला नाही. दोघेही आज नाहीत. त्या दिवशी यमुनेवरून ते विमान गेले तेव्हा आमच्या घरातली दोन माणसे एकत्र डोक्यावरून गेल्यासारखे वाटले. डोळ्यांत पाणी आले ते उन्हाने, असे आम्ही दोघांनीही सांगितले.

एक राफेल फार खालून आले आणि नाक आकाशाकडे करून सरळ वर चढले. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हे. तो छातीतून जातो. काठावरचे सगळे कावळे एकदम उठले आणि दिसेनासे झाले. आमचा नातू, जो तीन आठवडे विमानांखेरीज काही बोलत नव्हता, त्याने किंचाळून पणजीच्या मांडीत तोंड खुपसले. आजूबाजूची माणसे हसली. “घाबरला, घाबरला!” असा पुकारा झाला. शेजारच्या ट्रॉलीतल्या एका मोठ्या मुलाने, वायुसेनेत जाणाऱ्याने घाबरायचे नसते, असा उपदेशही केला.

आईने नातवंडाच्या पाठीवर हात ठेवला. मग ती आम्हा सर्वांकडे पाहून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, “घाबरला तर काय झाले? सकाळी त्या ध्वजावर तुम्ही शब्द पाहिलेत ना, ते अर्जुनाचे आहेत. आणि अर्जुन ते बोलला तेव्हा थरथरत होता.”

आम्ही गप्प झालो. अकराव्या अध्यायाचा अर्थ आम्हांलाही अगदी अपरिचित नव्हता. पण तो असा कधी जाणवला नव्हता. आकाशाला भिडलेले, झळाळणारे ते रूप पाहून अर्जुन आनंदाने टाळ्या वाजवीत नाही. त्याच श्लोकात तो सांगतो की, माझा अंतरात्मा व्यथित झाला आहे, मला धीर सापडत नाही, शांती सापडत नाही. एका पराक्रमी सेनेने आपले ब्रीद निवडले ते भ्यालेल्या प्रेक्षकाच्या तोंडचे. निवडणाऱ्याच्या मनात काय होते ते असो. आम्हांला त्यात एक शहाणपण दिसले. तेज पाहावे, आणि ते पाहताना आपले पाय कापले तर त्याची लाज बाळगू नये.

“दादांना भीती वाटायची?” धाकट्याने एकाएकी विचारले. वयाच्या पन्नाशीत त्याने हा प्रश्न प्रथमच विचारला होता. आम्ही साठीपर्यंत विचारला नव्हता.

“रोज,” आई म्हणाली. “म्हणून तर काम नीट व्हायचे. ज्या दिवशी भीती वाटणार नाही त्या दिवशी रजा टाकीन, असे म्हणायचे. कधी टाकली नाही.” थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “स्वतःची नव्हे हो एवढी. ती वस्तू आपल्या हातून गेली की पुढे ती कुणाची, ते कळत नाही. त्याची.”

तेवढ्यात ‘सूर्यकिरण’ पथकाची नऊ विमाने आली आणि आमचे बोलणे बुडाले. हे पथक १९९६ साली बिदरला स्थापन झाले. २०११ मध्ये त्याची विमाने प्रशिक्षणाकडे वळवावी लागली म्हणून ते थांबले, आणि २०१५ पासून हॉक विमानांवर पुन्हा उडू लागले. दोन विमानांत कधीकधी पाचच मीटरांचे अंतर उरते. आमच्या दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांत याहून फारसे कमी अंतर नाही, आणि ती घरे हलत नाहीत. आईच्या शब्दांनंतर आम्ही ती नऊ विमाने पाहिली ती निराळ्या डोळ्यांनी. वर जे चालले आहे ते निर्भय माणसांचे काम नव्हे. भय ओळखून, ते हाताशी धरून, सेकंदाच्या अंशाचा हिशेब करणाऱ्या माणसांचे ते काम आहे. हिशेब चुकण्याचे प्रसंगही येतात. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी येलहंकाला, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीच्या सरावात, याच पथकाची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि एका वैमानिकाचा अंत झाला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात तेजस विमान हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल परत आले नाहीत. आम्ही संगमावर बसलो होतो तेव्हा ही दुसरी घटना घडायची होती. ती वार्ता आली त्या संध्याकाळी आईने देवापाशी दिवा लावला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

विमानांचा खेळ पाहणे हा दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. त्या दुपारी आमच्या डोळ्यांचे पारणे फिटले, हे आम्ही कुठल्याही न्यायासनापुढे सांगू. लहानपणापासून आकाशाची एकच पट्टी पाहिलेल्या माणसाला सबंध आकाश मिळाले तर तो हरखून जाणारच. आक्षेप आहे तो एवढाच की, पाहणाऱ्याला वाटते आपण फुकट पाहिले. आपले शास्त्र म्हणते, माणूस जन्माला येतो तो देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण घेऊन. आम्हांला वाटते, ज्यांना आपण ओळखत नाही आणि जे आपल्या नावाने धोका पत्करतात, त्यांचेही एक ऋण आहे. त्यात वर उडणारा आला, पाण्यात सुरुंग शोधणारा आला, पहाटे सायकलवर बसून दोन्ही खिसे चाचपणारा चार्जमनही आला. आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात, ज्या छपरावर ती वस्तू पडली त्या छपराखालचा माणूसही आहे. त्याच्या मागे पाणी द्यायला कोणी उरले की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते. पहाटे घाईने सोडलेल्या त्या शेवटच्या ओंजळीचा अर्थ आम्हांला दुपारी कळला.

भय विसरलेल्या गर्दीचे काय होते, हे पुढच्याच वर्षी दिसले. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर अशाच प्रदर्शनाला लाखो माणसे लोटली, आणि त्या दिवशीच्या ऊन-गर्दीत पाच जण दगावले. आकाशातली विमाने सुखरूप उतरली होती. गेली ती जमिनीवरची माणसे, घरून डबा घेऊन निघालेली. संगमावरून परतताना आम्हांलाही नैनीच्या पुलाकडे सरकायला अडीच तास लागले. आईला मध्ये घेऊन, मुलांचे हात धरून, पाण्याचा घोट घोट पुरवीत आम्ही चाललो. बंधूंनी त्या अडीच तासांत गर्दीच्या नियोजनावर एक संपूर्ण टिपण तोंडी तयार केले; ते अर्थातच कोणत्याही कचेरीत सादर झाले नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, सर्वपित्री अमावास्या होती. दीक्षितपुऱ्यातल्या घरी आईने गच्चीवर नेहमीप्रमाणे घास ठेवला आणि त्याच्या शेजारी आणखी एक. सौभाग्यवतींनी, हा कुणाचा, असे विचारले. “शेवटच्या ओंजळीतल्यांचा,” ती म्हणाली. कावळे दोन्ही घासांवर बसले. त्यांनी भेद केला नाही. तेव्हापासून दर वर्षी ते दोन घास असतात, आणि आता घरातले कोणी त्याविषयी विचारीत नाही.

नातू आता मोठा झाला आहे. विमान चालवायचे हा त्याचा निश्चय मात्र कायम आहे. इतर मुले दर सहा महिन्यांनी बदलतात तसा त्याने तो बदललेला नाही. त्याच्या आईला हे फारसे रुचत नाही. ती हा विषय पणजीपुढे नेते, कारण आमच्या घरात अंतिम निकाल तिथेच लागतो. आई त्याला जवळ बोलावते आणि दर वेळी एकच प्रश्न करते.

“भीती वाटते का रे?”

“वाटते,” तो प्रामाणिकपणे सांगतो.

“मग हरकत नाही,” आई म्हणते.